घाडी, बाबा आणि हीलर: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, सत्तरी, पेडणे, बार्देश. या भागांत अंधश्रद्धेवर, म्हणजे घाडी (गावचा मांत्रिक), बाबा आणि हीलर यांच्यावर, कुठेही बोलायला उभं राहिलं की प्रश्न साधारण तेच येतात. थोडे सभेत येतात, बाकीचे सभा संपल्यावर, चपला शोधता शोधता, कानाशी. ते इथे एकत्र केले आहेत. क्रम काही ठरवून लावलेला नाही.

तुमचा देवावर विश्वास नाही का?

हा नेहमी पहिला, आणि विचारणाऱ्याला बहुतेकदा उत्तर नकोच असतं. तरी सांगतो. मंगेशीला जाणारा, लईराई देवीचं व्रत धरणारा, जुन्या गोव्यात सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताआधी नऊ दिवसांची नोव्हेना करणारा, यांच्याशी आमचं भांडण नाही. मी देवळात जातो की नाही, याने मण्यारीच्या विषात काडीचाही फरक पडत नाही. इथे विषय आहे तो "माझ्यात शक्ती आहे, मी तुझा आजार काढतो" असं म्हणणाऱ्या माणसाचा. आजार काढतो म्हटलं की तो दावा झाला, आणि दावा तपासायला देवाची हरकत असायचं कारण नाही.

खरा कोण आणि भोंदू कोण, हे ओळखायचं कसं?

लोकांना यादी हवी असते: हा चालेल, तो नको. अशी यादी माझ्याकडे नाही. नीट तपासणीला उभा राहून शक्ती सिद्ध केलेला एकही माणूस आजवर सापडलेला नाही, तेव्हा "खरा" शोधत फिरण्यात वेळ जातो आणि आजार तेवढा वाढतो.

त्यापेक्षा एवढंच बघा की तो तुम्हाला काय सोडायला लावतो. नारळ, कोंबडा, दारूची बाटली, पाचशे रुपये हे गेलं तर गेलं. फिटची गोळी बंद करायला लावली, इन्सुलिन थांबवायला लावलं, स्तनातल्या गाठीची तपासणी "अमावस्येनंतर बघू" म्हणून पुढे ढकलली, तर माणूस जातो. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन तोडलं तर काही दिवसांत जिवावर बेततं, त्याला वर्षं लागत नाहीत. कॅन्सरचं म्हणाल तर अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर साडेपाच पटींहून जास्त. त्या गाठी सुरुवातीला बऱ्या होण्याजोग्या होत्या, म्हणून तर फरक एवढा मोठा दिसला.

दुसरी खूण: घरच्यांना बाहेर ठेवून बाईमाणसाला किंवा मुलाला एकटं आत बोलावणं. हे दिसलं की पुढचं काहीही ऐकायची गरज नाही. उठून बाहेर पडायचं.

पण आमच्या काकीला खरंच बरं वाटलं. ती खोटं बोलते का?

काकी खोटं बोलत नाही. या सगळ्या विषयातला सर्वांत अवघड भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

माणूस घाडीकडे किंवा बाबाकडे केव्हा जातो? दुखणं अगदी असह्य झालं की. सांधेदुखी, पाठदुखी, अर्धशिशी, दमा, अंगाची खाज ही सगळी चढ-उताराची दुखणी. सगळ्यात वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुधा थोडा बराच असतो, अंगारा लावा की न लावा. सर्दी, साधी कावीळ, नागीण, पाठीची उसण ही तर आपली आपण उतरतात. त्यात बाबाकडे जाण्याआधी काकीने दोन डॉक्टर केलेले असतात आणि त्यांच्या गोळ्या पोटात असतात. श्रेय मात्र शेवटी ज्याने हात लावला त्याला.

आता बरं वाटण्याचं. २०११ मध्ये अमेरिकेत दम्याच्या ३९ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यांना आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला खोटा पंप, खोटं ॲक्युपंक्चर, आणि काहीच नाही, असं देऊन पाहिलं. किती बरं वाटलं असं विचारल्यावर खरा पंप ५० टक्के, खोटा पंप ४५, खोटं ॲक्युपंक्चर ४६. जवळजवळ सारखंच! मग फुप्फुसांतली हवा यंत्राने मोजली. खऱ्या पंपाने ती २० टक्क्यांनी सुधारली होती. बाकी तिन्हींत साधारण ७ टक्के, म्हणजे काहीच न करता जेवढी सुधारली तेवढीच. रुग्णाला बरं वाटत होतं आणि छाती आवळलेलीच होती. दम्याचा माणूस अशाच "बरं वाटतंय" म्हणण्यात रात्री दगावू शकतो.

म्हणून काकीला "तुला बरं वाटलंच नाही" असं सांगू नका. तिला वाटलंय. साखर, रक्तदाब, एक्स-रे, जे काही मोजण्यासारखं असेल ते मोजून घ्या, आणि आकडा काय सांगतो ते तिच्यासोबत बसून बघा.

आबे फारियाने नुसत्या हाताने माणसं झोपवली. तो तर आपलाच गोंयकार! मग शक्ती नाही कशी म्हणता?

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला १९४५ मध्ये उभारलेला तो पुतळा सगळ्यांनी पाहिलाय. झगा उडालेला, हात पसरलेले, समोर कोसळणारी बाई. पुतळा बघून वाटतं की हा माणूस बोटांतून काहीतरी सोडतोय. गंमत अशी की फारियाने आयुष्यभर नेमकं उलटं सांगितलं.

जुझे कुस्तोदियु फारिया, जन्म १७५६, कांदोळी. बापाबरोबर पोरवयात लिस्बनला गेला. (राणीसमोर प्रवचन देताना तो गांगरला आणि बापाने कोंकणीत "कातर रे भाजी" म्हणून धीर दिला, ही आख्यायिका तिथली. खरीखोटी कोण जाणे, पण गोव्यात ती सांगितल्याशिवाय फारियाचा विषय पुरा होत नाही.) १८१३ मध्ये तो पॅरिसला जाहीर प्रयोग करू लागला. त्या काळी तिथे मेस्मर नावाच्या वैद्याच्या मताची चलती होती: वैद्याच्या अंगातून एक अदृश्य चुंबकी प्रवाह निघतो आणि तो रोग्याला बरं करतो. आजच्या भाषेत एनर्जी. फारिया म्हणाला, माझ्या अंगातून काहीही निघत नाही. झोपणाऱ्याच्या मनाची तयारी, त्याचा विश्वास, त्याचं लक्ष यातूनच ही झोप येते. जो तयार नाही त्याला मी झोपवू शकत नाही. पुढे संमोहनाचं शास्त्र त्याच वाटेने गेलं. त्याच्या हयातीत मात्र पॅरिसने त्याची टिंगल केली आणि १८१९ मध्ये तो गरिबीतच वारला.

तो प्रवाह नाही, हे त्याआधीच, १७८४ मध्ये एका चौकशी मंडळाने दाखवलं होतं. मंडळात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. मेस्मरच्या शिष्याने फ्रँकलिनच्या बागेतलं एक झाड "भारून" ठेवलं. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेलं. पोरगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडापाशी. भारलेलं झाड तिथून कितीतरी फूट लांब होतं.

तेव्हा फारियाचं नाव कोणी बाबा घेत असेल तर त्याला सांगा, आमच्या फारियाने तुझी पोलखोल दोनशे वर्षांपूर्वीच करून ठेवलीय. संमोहनाने भीती, वेदना, झोप यांत मदत होते. गाठ विरघळत नाही, मूत्रखडा फुटत नाही.

कावीळ उतरवताना पाणी पिवळं होतं. मी या डोळ्यांनी पाहिलंय!

आम्हीही पाहिलंय, आणि शाळांत करूनही दाखवतो. आंब्याच्या झाडाची आतली साल ठेचून रस काढायचा, तो हाताला चोळून सुकू द्यायचा. सुकला की हाताला काही लावलंय हे कळतही नाही. मग पितळी भांड्यात चुन्याची निवळी घ्यायची, दिसायला साधं पाणीच, आणि तो हात त्यात चोळत राहायचं. पाणी हळूहळू पिवळं होत जातं. पुढच्या बाकावरची मुलं आधी ओरडतात, मग मागची उभी राहतात. ज्या मुलाचा हात आम्ही धुतो त्याला कावीळ नसते. एकदा त्याच वर्गातल्या मास्तरांचा हात धुतला, त्यांची "कावीळ" सर्वांत जास्त निघाली.

काविळीची माळ डोक्यावरून पायापर्यंत उतरते, तोही गाठींचा खेळ. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे विशिष्ट फासाने दोऱ्यात ओवलेले असतात. काड्या सुकून आकसल्या की फास सैल होतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगून ठेवली तरी लांबते. खुंटीला कुठली कावीळ?

पण यातला खरा धोका पुढे आहे. कावीळ हा एकच आजार नाही, ते लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि गावठी औषधवाल्यांची कीर्ती तिच्यावरच उभी आहे. पण पावसाळ्यात शेतात, चिखलात काम करणाऱ्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होऊन डोळे पिवळे झाले असतील, पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल, हिपॅटायटिस बी असेल, तर माळ लांबेपर्यंत थांबायला वेळ नसतो. आधी रक्त तपासा. मग माळ घालायची तर घाला.

लिंबातून रक्त काढणं त्याहून सोपं. सुरीला जास्वंदीचा रस लावून सुकवलेला असतो, लिंबाच्या आंबटाने तो लाल होतो. नारळ पाणी शिंपडून पेटवणारा बाबा शेंडीत सोडियमचा तुकडा लपवतो. हे घरी करायला जाऊ नका, डोळ्यांना इजा होते.

साप चावल्यावर आमच्या गावचा मांत्रिक माणसं वाचवतो. मोजून दाखवू का किती?

दाखवा. त्यातले बहुतेक धामण, दिवड, नानेटी असल्या बिनविषारी सापांचे असतील. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाने काहीही न करता बरीच माणसं वाचणारच. जी वाचत नाहीत त्यांच्याबद्दल "उशिरा आणलं" किंवा "सोयर होतं" असं म्हटलं जातं, आणि ती मोजणीत येत नाहीत.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, आणि ते इस्पितळात मिळतं, घुमटीत नाही. मण्यारीचं विशेष सांगतो, कारण तिथे मांत्रिक हमखास फसतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं नीट कळतही नाही, सूज नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. "सूज नाही म्हणजे विष नाही, मी उतरवलं" असं सांगून त्याला घरी पाठवलं तर सकाळ बघायला तो उरत नाही.

पट्टी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, काळा दगड लावू नका. चावलेला अवयव हलू न देता १०८ ला फोन करा.

कुत्रा चावला तर त्याहून थोडक्यात: जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळपास कोणीच वाचत नाही, मंत्रानेही नाही आणि औषधानेही नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो हजारो कुत्र्यांना वर्षानुवर्षं टोचल्यामुळे.

हे सगळं शेकडो वर्षं चालत आलंय. पूर्वज काय वेडे होते?

वेडे नव्हते, त्यांच्याकडे मोजायची साधनं नव्हती. आणि जुनं म्हणजे खरं असतं तर आज आपण गोव्याचा दगड खात असतो. सतराव्या शतकात जुन्या गोव्यात जेजुइटांकडे एक गोळा तयार व्हायचा. प्राण्याच्या पोटातला खडा, शिंपले, कस्तुरी, राळ, रत्नांची भुकटी असं काय काय त्यात असे. तो युरोपात "गोव्याचा दगड" म्हणून जायचा, सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवला जायचा, आणि खरवडून पेयात घालून प्यायला जायचा. विषापासून प्लेगपर्यंत सगळ्यावर! राजेरजवाडे घेत. आज तो संग्रहालयात दिसतो.

असल्या पोटातल्या खड्यांची परीक्षा त्याआधीच झाली होती. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाकडे असा एक खडा आला. शल्यवैद्य आंब्रुआज पारे म्हणाला, सगळ्या विषांवर एकच उतारा असूच शकत नाही. तुरुंगात चांदीच्या भांड्यांच्या चोरीसाठी फाशी ठरलेला एक आचारी होता. त्याला विचारलं: विष आणि वर हा खडा घेशील? वाचलास तर सुटलास. त्याने हो म्हटलं आणि काही तासांत तडफडून मेला. परीक्षा क्रूर होती, आज कोणी तशी करणार नाही आणि करूही नये. पण खड्याची कीर्ती आणि खड्याचा गुण या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या.

अंगात येतं, आळवंत (बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत) लागते, देवचार (गावातला अदृश्य आत्मा) धरतो, ते काय?

अवसर येणं, म्हणजे देव अंगात येणं, हा आपल्या देवळांचा, तरंगांचा (देवाच्या सजवलेल्या खांबांचा), शिगम्याचा भाग आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसावर येतो आणि वाद्यं थांबली की उतरतो. त्याला आजार म्हणायची घाई मी करणार नाही. राखणदाराला रोट आणि विडी ठेवणाऱ्याशीही माझा वाद नाही. पण "बाधा" म्हणून ज्यांना घाडीकडे नेलं जातं, त्यांचं जरा सविस्तर सांगायला हवं.

एक, फिट. तोंडाला फेस, हातपाय ताठ. हा मेंदूतला विद्युत बिघाड. नीट औषध घेतलं तर दहांतल्या सातांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. फिट आल्यावर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

दोन, बाळंतीण. बाळ झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात बाई अचानक झोपेनाशी होते, भलतंच बोलते, बाळाबद्दल भीतीदायक काहीतरी सांगते. घरचे कुजबुजतात, आळवंत. हा प्रसूतीनंतरचा तीव्र मानसिक आजार असतो, हजारात एखाद-दोन बाळंतिणींना होतो, आणि ती तातडीची वेळ असते, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. उपचार केले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. घाडीकडे दोन आठवडे फेऱ्या मारण्याइतका अवधी इथे नसतो.

तीन, मनातली कोंडी. सासरी बोलायची सोय नसलेली सून, परीक्षेच्या ओझ्याखालची पोर. तिच्या अंगात "भूत" येतं आणि ते भूत तिच्या तोंडून जे बोलता येत नाही ते बोलून टाकतं. पेडण्याच्या पुनवेला बाधा उतरते अशी श्रद्धा आहे आणि दरवर्षी माणसं येतात. गर्दी, तरंगं, सगळ्यांचं लक्ष आपल्यावर, यातून काहींना मोकळंही वाटत असेल. पण घरी परतल्यावर कोंडी तीच असेल तर भूतही परत येतं.

बांधून ठेवणं, चटके, मिरचीची धुरी, फटके हे मात्र कुठल्याही नावाखाली चालणार नाही. मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांत अडकलेले २८ जण पळूही शकले नाहीत. बांबोळीला मनोरुग्ण इस्पितळ आहे. तिथे जायची लाज वाटते हे मला माहीत आहे. निदान १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला, तिथे कोणी ओळखत नाही.

लईराईचे धोंड (व्रत धरलेले भक्त) अग्निदिव्य करतात, तेही थोतांड का?

थोतांड कसलं? ते व्रत आहे, आणि कोणी धोंड "मी तुझा मधुमेह काढतो" म्हणत नाही. निखाऱ्यावरून भराभर चालताना पाय फारसे भाजत नाहीत, कारण कोळसा उष्णता हळू सोडतो आणि पाऊल क्षणभरच टेकतं. थबकलं की भाजतं. पण निखाऱ्यावरून चालून दाखवल्याचं भांडवल करून कोणी औषध देऊ लागला, तर त्या चालण्याचा आणि औषधाचा काय संबंध, एवढं विचारा.

कौल "ऑपरेशन नको" असा लागला तर?

हा प्रश्न फक्त इथेच येतो आणि फार गंभीरपणे येतो. माझा सल्ला असा की करावं की नाही हे देवाला विचारूच नका. ते सर्जनला विचारा, हवं तर दुसऱ्या सर्जनलाही. देवाला विचारायचं असेल तर "बुधवारी करू की शुक्रवारी" एवढं विचारा. कौलासाठी मूर्तीला चिकटवलेली ओली पाकळी सुकत गेली की गळणारच, उजवी आधी की डावी हे पुजाऱ्याच्या हातात नाही आणि आतड्याच्या हातात तर नाहीच. बहुतेक पुजाऱ्यांना ही वाटणी पटते, आणि त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरतं.

मुलगा होण्याचं औषध देणारा पैसे परत करायची हमी देतो. फसवणारा असता तर हमी दिली असती का?

हमी देतो म्हणूनच तो फसवणारा. समजा दहा जणी आल्या, प्रत्येकीचे दहा हजार. पाच जणींना मुलगे होणार, औषध असो वा नसो. पाच जणींचे पैसे त्याने हसत परत केले. पन्नास हजार खिशात, आणि ज्यांना पैसे परत मिळाले त्याही म्हणतात, माणूस सच्चा! मुलगा की मुलगी हे गर्भ धरतानाच बापाच्या बीजावरून ठरतं. नंतर घेतलेली पुडी बाळाला इजा करू शकते, बदलू काहीच शकत नाही.

नाव-गाव न सांगता त्याने माझा आजार ओळखला. हे कसं?

बाहेर रांगेत तुमच्या शेजारी बसून "तुमचं काय?" विचारणारी ती प्रेमळ बाई कोण होती, ते आठवा. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा प्रचारक भर सभेत अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार सांगायचा. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी त्याच्या सभेत रेडिओ लावून ऐकलं, तर पॉपॉफची बायको त्याच्या कानातल्या यंत्रात सगळं वाचून दाखवत होती. लोकांनी सभेआधी भरलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरून. आता तर चिठ्ठीचीही गरज नाही, फेसबुकवर आपणच सगळं लिहून ठेवतो.

हरमल, मांद्रेला परदेशी हीलर येतात. शिकलेले असतात, सर्टिफिकेट असतं.

घाडी पत्र्याच्या घुमटीत बसतो आणि हीलर बांबूच्या शेडमध्ये योगा मॅटवर. दर मात्र हीलरचा जास्त. दावा तोच मेस्मरचा: हाताला तुमची ऊर्जा कळते.

हे तपासलं एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने, शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी. मध्ये पडदा. पलीकडून उपचारक दोन्ही हात पुढे करतो, एमिली नाणेफेक करून एका हाताजवळ आपला हात धरते, त्याने सांगायचं कुठल्या. २१ उपचारक, २८० वेळा. बरोबर उत्तरं ४४ टक्के! डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी पन्नास आली असती. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मॅटवर पडून तासभर शांत वाटत असेल तर शांततेचे पैसे द्या, माझी ना नाही. थायरॉइडची गोळी सोडू नका.

प्रार्थनेने बरं करणाऱ्या सभांबद्दल तुम्ही गप्प का?

गप्प नाही. कुबड्या फेकून नाचणारा माणूस दुसऱ्या दिवशी कसा आहे, हे स्टेजवर कोणी दाखवत नाही. या बाबतीत कॅथलिक चर्च स्वतः किती चिकित्सक आहे ते बघा. फ्रान्समधल्या लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तिथे बरं झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. संशय घेणं पाप असतं तर ही छाननी कोणी केली नसती.

दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेचा परिणामही मोजून झालाय. २००६ मध्ये हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांवर. प्रार्थना झालेल्यांत आणि न झालेल्यांत फरक पडला नाही. ज्यांना "तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे" असं सांगितलं होतं त्यांच्यात तर गुंतागुंती थोड्या जास्तच निघाल्या. आजारी माणसासाठी प्रार्थना करावीशी वाटणं मला समजतं. इस्पितळात त्याच्या उशाशी बसून करा.

तो एक पैसाही घेत नाही. मग फसवेल कशाला?

काहींना पैसा नको असतो, मान हवा असतो. काहींचा स्वतःवर खरोखर विश्वास असतो, आणि तसा माणूस भोंदूपेक्षा धोक्याचा, कारण तो शेवटपर्यंत मागे हटत नाही. शिवाय फुकटच्या पुडीतही काहीतरी असतंच. सांधेदुखीच्या, दम्याच्या "गावठी" पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, महिन्यांनी तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरला पुडी नेऊन दाखवा.

कोणीच कधी सिद्ध केलं नाही?

श्रीलंकेत अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये एक लाख रुपये लावले होते. रँडींचं बक्षीस वाढत दहा लाख डॉलरवर गेलं, हजारावर अर्ज आले, २०१५ मध्ये ते बंद झालं. दोन्ही बक्षिसं कोणालाच जिंकता आली नाहीत.

घरातली वडीलधारी ऐकतच नाहीत. काय करू?

सुनेने सासूला "हे सगळं थोतांड" म्हटलं की विषय संपला, आता सासू चोरून जाणार. आणि चोरून जाणारा माणूस डॉक्टरला सांगत नाही की पुडी चालू आहे.

माझ्या अनुभवात चालतं ते असं: "आई, गाऱ्हाणं घालूया, मीही येते. पण गोळी खाऊनच निघूया." सोबत जा. घाडीला तिच्यासमोर, आदराने विचारा, "काका, डॉक्टरचं औषध चालू ठेवायचं ना?" बरेच जण हो म्हणतात, कारण त्यांनाही अंगावर काही घ्यायचं नसतं. तो हो म्हणाला की सासूच्या दृष्टीने गोळीला देवाची परवानगी मिळाली. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात "दवा-दुआ" नावाने हेच केलं गेलंय: मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला आवारातच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. काही विवेकवादी मित्रांना ही तडजोड वाटते. मला ती औषध चालू ठेवायची सर्वांत स्वस्त युक्ती वाटते.

आणि एक कबूल करायला हवं. घाडी तासभर ऐकतो, घरातल्या प्रत्येकाचं नाव विचारतो. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत सकाळपासून रांग लावून दोन मिनिटं मिळतात. डॉक्टरने नीट समजावलं नाही म्हणून बाबाकडे गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. तेव्हा सासूबरोबर डॉक्टरकडेही जा, प्रश्न कागदावर लिहून न्या, तिला स्वतःला विचारू द्या.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रातला इथे लागू आहे का?

नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, जो नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आला, तो महाराष्ट्रापुरताच आहे. त्यात साप, कुत्रा, विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. कर्नाटकानेही २०१७ मध्ये असा कायदा केला. म्हणजे पत्रादेवीच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, जे अजामीनपात्र, ते अलीकडे साध्या फसवणुकीच्या कलमात बसवावं लागतं.

पण हात रिकामे नाहीत. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा देशभर आहे. ताईत, मंत्र, कवच यांनी आजार बरा होतो अशी जाहिरात करणं हा त्याखाली गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास वर्षापर्यंत. बसवर चिकटवलेला कागद, केबलवरची पट्टी, व्हॉट्सॲपवरचं पोस्टर, सगळं जाहिरातच. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला २०१९ च्या कायद्याने वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. मारहाण, विनयभंग, मुलांवरचा अत्याचार यांना तर "शक्ती" ही पळवाटच नाही.

तक्रार केली तर गावात वैर येईल.

येईल, खोटं कशाला सांगू? म्हणून एकट्याने करू नका, आणि "हा भोंदू आहे" अशी तर मुळीच करू नका. घडलं तेवढंच लिहा: कुठल्या तारखेला, काय सांगितलं, कुठलं औषध बंद करायला लावलं, किती पैसे घेतले. जाहिरातीचा फोटो, पुडी, डॉक्टरचे आधीचे कागद जोडा. जाहिरात किंवा पुडीचं असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे, बाकीचं पोलीस ठाण्यात. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पोलिसाने "जाऊ द्या हो, देवाचं काम" म्हटलं तर तारीख घालून तेही लिहून ठेवा आणि तोच कागद अधीक्षकांना पाठवा.